‘मंत्रालय आहे, उपग्रह आहेत, मग आणखी देखरेख कशाला?’ : एका दाव्याचा प्रतिवाद

सरकारची पर्यावरणविषयक वचने पाळली जातात की नाही हे पाहायला केंद्राचे पर्यावरण मंत्रालय आहे, उपग्रह आहेत, पर्यावरणाचे खटले चालवणारे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणही आहे; त्यावर आणखी एक स्वतंत्र यंत्रणा म्हणजे विकासाला खीळ, असे सांगणारा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण त्यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही.

आधी मंत्रालय. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार, पर्यावरणीय मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल प्रकल्पचालकाने स्वतःच दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, आणि तो पडताळणारी प्रादेशिक कार्यालये मंजुरी देणाऱ्या मंत्रालयाचीच असतात. हिशेब बाहेरच्या माणसाने पाहिला की काय निघते, हे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या (नियंत्रक व महालेखापरीक्षक) २०१३ च्या पर्यायी वनीकरणावरील अहवालात दिसले. २००६ ते २०१२ या काळात वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यात १,०३,३८१ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि तिच्यावर झाडे लागली फक्त ७,२८० हेक्टरवर, म्हणजे मिळायला हव्या होत्या त्या जमिनीच्या अवघ्या सात टक्क्यांवर. कॅगला घटनेने स्वायत्तता दिली आहे म्हणूनच हे उघड झाले, पण ते उघड होईपर्यंत सहा वर्षांची जमीन हातची गेली होती. म्हणून तपासणी दर वर्षी व्हायला हवी.

उपग्रह खोटे बोलत नाहीत हे खरे, पण काय मोजायचे ते माणसे ठरवतात. उपग्रहचित्रांवरून जंगल मोजणारी भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. तिच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेच्या निदान दहा टक्के भागावर झाडांच्या पानाफांद्यांचे छत्र असले की ते वनाच्छादन, मग मालकी कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. कोकणातली दाट आमराईही त्यात बसते. त्यामुळे जुने सदाहरित जंगल तुटले आणि दुसरीकडे बागा वाढल्या, तरी बेरीज जागच्या जागी राहू शकते. एका रोपवनाच्या तोंडाशी लावलेला फलक मी थांबून वाचला होता. लागवडीचे वर्ष, क्षेत्र, रोपांची संख्या सगळे ठळक रंगवलेले. जिवंत रोपे किती, याला रकानाच नव्हता. पाठीमागे खड्ड्यांच्या सरळ ओळी होत्या आणि बहुतेक खड्ड्यांत फक्त वाळलेले गवत होते. महाराष्ट्राने २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते; मला त्या संख्येहून हा न रंगवलेला रकाना महत्त्वाचा वाटतो.

हरित न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केले. तरीही ते न्यायासन आहे. समोर आलेला वाद ते मिटवते. सरकारच्या प्रत्येक वचनाची वार्षिक नोंद ठेवणे हे त्याचे काम नव्हे.

राहिला खिळीचा मुद्दा. न्यूझीलंडमध्ये १९८६ च्या कायद्याने संसदेचा पर्यावरण आयुक्त नेमला जातो आणि ब्रिटनमध्ये २००८ च्या कायद्याने हवामान समिती आहे. दोघांनाही प्रकल्प थांबवण्याचा अधिकार नाही. ब्रिटनची समिती दर वर्षी संसदेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवते आणि सरकारला त्यावर उत्तर द्यावेच लागते.

ही कल्पना परक्यांची म्हणून झटकताही येणार नाही. मंजुऱ्यांचे मूल्यमापन आणि अटींवर देखरेख करणारा राष्ट्रीय नियामक ३१ मार्च २०१४ पर्यंत नेमा, असा आदेश आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या जानेवारीत केंद्राला दिला होता. ती मुदत उलटली आणि नियामक नेमला गेला नाही.