पानठेल्यावरचा जायुस

पंकज पोळ्यासाठी पुण्याहून गावी आला होता. पानठेल्यावर खर्रा घोटणं चालू असताना त्याने एक इंडोनेशियाचा शब्द काढला, जायुस. विनोद इतका फुसका अन् इतका वाईट सांगितलेला, की त्या फुसकेपणाचंच हसू येतं.

"मराठीत याले शब्दच नाई," पंकज म्हणाला.

"काहून नाई बे? पीजे म्हंते ना त्याले," ठेलेवाला.

"पीजे ऐकून माणूस कपायाले हात लावते, भाऊ. इथं तो खरंच हासते."

किसनाजींना हा वादच फुकाचा वाटत होता. त्यांनी दाखला दिला तो झडतीचा, म्हणजे पोळ्याला बैलांसमोर म्हणायच्या यमकातल्या, चिमटे काढणाऱ्या ओळींचा. "मांगच्या पोळ्याले सरपंचावरची झडती फसली. यमक बसलं नाई, म्हणणारा मधातच अडकला. सारा गाव हासला, सरपंचबी हासला. हासाले कोणाले त्या शब्दाची गरज पडली का?"

मास्तर मात्र पंकजच्या बाजूने. नाव असलं की गोष्टीला मान मिळतो, असं त्यांचं म्हणणं. स्पॅनिश लोक जेवण झाल्यावरही टेबलाशी गप्पा मारत बसतात, त्या बसण्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात. "आपल्या इथं बाया खरकट्या हातानं तासभर बोलत बसते. त्याले नाव नाई, म्हणून आपण म्हणतो, टाइमपास करून रायल्या." यावर किसनाजी काही बोलले नाहीत. मला मास्तरांचं हे बोलणं पटलं.

पण नाव असूनही भागत नाही, हे मी मध्ये पडून सांगितलं. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, तिएरा देल फुएगोत, यागान लोकांची भाषा होती. तिच्यातला 'मामिहलापिनातापाई' हा शब्द जगभर फिरतो. दोघांच्याही मनात एकच गोष्ट, पण सुरुवात समोरच्याने करावी म्हणून दोघं नुसते एकमेकांकडे पाहतात, ती नजर म्हणजे हा शब्द. तो आज कोणालाही मोबाइलवर सापडतो. पण ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या क्रिस्तिना काल्देरोन 2022 मध्ये, 93व्या वर्षी, चिलीत वारल्या. त्यांच्या बरोबरीने ती बोलणारी एमेलिंदा आकुन्या 2005 मध्येच गेली होती. क्रिस्तिनाबाईंनी नातीला सोबत घेऊन यागान कथांचं पुस्तक केलं, शब्द जपून ठेवले. पण त्या भाषेत थट्टा करायची तर आईच्या दुधासोबत ती शिकलेलं दुसरं माणूस सोळाहून जास्त वर्षं उरलं नव्हतं. हसायला निदान दोघं लागतात. मला त्या बाईच्या घरातली ही शांतता फार लागते.

"म्हंजे आपली वऱ्हाडीबी..." ठेलेवाल्याने हात थांबवला.

"वऱ्हाडी बोलणारे लाखो हायेत," पंकज चिडला. "कायले घाबरवता?"

"लाखो हायेत, पन तुये पोट्टे आजीसंगं कोणत्या भाषेत हासते?" मास्तरांनी विचारलं.

पंकज म्हणाला, पोरांना वऱ्हाडी समजते, बोलायला लाजतात, शाळेत बाकीचे चिडवतात. हे खरं दुखणं आहे, अन् त्यात पोरांचा दोष नाही. आपणच विदर्भाच्या बाहेर गेलो की 'मले'चं 'मला' करतो.

किसनाजींनी तोडगा काढला तो झडतीचा. तोरणाखाली बैल उभे राहिले की पंकजच्या पोराने एक झडती म्हणायची, बापावर.

"मायावर काहून?" पंकज.

"तुयावर म्हणल तरच त्याले मजा येईन ना, बाप्पा. अन् शेवटी 'हर बोला हर हर महादेव' त सारा गावच म्हणते. तेवढ्यात कोण लाजते?"

मास्तरांनी खिशातून पेन काढला. यमक पुण्याशी जुळवायचं की पंकजच्या टकलाशी, यावर नवा वाद पेटला.