वीस भागांत पाहिली म्हणे!

"ताई, पाहिली हो तुमची ती चायनीज सिरीयल. संपवली पण. वीसच तर भाग होते, तुम्ही उगाच पन्नास पन्नास करून घाबरवत होता."

रविवारी माहेरी गेले होते. भावजय आणि मी मेथी निवडत बसलो होतो. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हटलं, वीस कसे असतील? 'द अनटेम्ड' पन्नास भागांची आहे. तर म्हणते, "असेल. मी वीसवाली पाहिली. बरी आहे. फक्त तुम्ही सांगत होता ना ती सूपवाली बहीण, ती मेल्यावर तो एवढा का पिसाळतो ते काही कळलं नाही. सख्खी पण नव्हती ना ती?"

सख्खी पण नव्हती!

तीन दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. भाजी फोडणीला टाकताना आठवतं, लोकलमध्ये आठवतं, झोपायला गेलं की आठवतं. ज्यांग यानलीबद्दल, म्हणजे नायक वेई वूश्यान जिच्या घरात लहानाचा मोठा झाला त्या सूपवाल्या बहिणीबद्दल, कुणीतरी "सख्खी पण नव्हती" म्हणतंय आणि ते माझ्याच घरात, मी जिच्यामागे दोन वर्षं लागले होते तिच्या तोंडून.

राग भावजयीचा नाही. तिला नोकरी आहे, घर आहे, पोरगं सहावीत आहे. रोज रात्री जेमतेम पाऊण तास मिळतो तिला. म्हणून तर मी कधी घाई केली नाही. म्हटलं रोज एक बघ, दोन महिने लागले तर लागू देत. आणि शेवटी तिने मनावर घेतलं, तेव्हा त्या ॲपने तिच्यापुढे काय ठेवलं? कात्री मारलेली आवृत्ती. पोस्टर तेच, चेहरे तेच, पांढरे-काळे कपडे तेच. नावापुढे बारीक अक्षरात 'स्पेशल एडिशन'. आपल्याकडे स्पेशल म्हटलं की काहीतरी जास्तीचं असतं. स्पेशल चहात दूध जास्त असतं, स्पेशल थाळीत एक वाटी जास्त येते. तीस भाग कमी करून त्याला स्पेशल म्हणायचं आणि नवख्या माणसाला एका शब्दाने सांगायचं नाही की बाई, ही दुसऱ्यांदा बघणाऱ्यांसाठी आहे, आधी मूळ बघ. एवढी एक ओळ लिहायला काय जात होतं?

हिशोब करा. पाऊण-पाऊण तासाचे पन्नास भाग म्हणजे साडेसदतीस तास. त्यातले उरले पंधरा. 2019 च्या जूनमध्ये मालिका सुरू झाली, आणि ते वर्ष सरायच्या आत वेई वूश्यान आणि लान वांगजी या दोन नायकांवरच सगळा प्रकाश ठेवून हे वीस भाग बेतले गेले. बाकीची माणसं कडेला.

ज्यांनी पन्नास पाहिलेत त्यांनी हे वीस जरूर बघावेत. मीही पाहिलेत. जे कापलंय ते आपल्या डोक्यात असतं, आपण आपलं भरून घेत जातो. लान वांगजी नुसता दारात उभा राहिला तरी आपल्याला मागचे वीस प्रसंग दिसतात. पण जिच्या डोक्यात काहीच नाही तिने काय भरायचं? तिला एक देखणा मुलगा दिसतो, दुसरा देखणा मुलगा दिसतो, मध्येच कुणीतरी मरतं, मग सोळा वर्षं जातात.

आणि लोक वर मला समजावतात. "अगं पण दोघांची गोष्ट तर पूर्ण आहे ना त्यात." नाही! तेच तर नाही! दोघांची गोष्ट त्या दोघांच्यात नाहीच आहे. चीनमध्ये दोन पुरुषांचं प्रेम पडद्यावर उघड दाखवता येत नाही. मो श्यांग तोंग श्यू यांच्या कादंबरीत ते स्वच्छ आहे, मालिकेत त्याला 'चिजी' म्हणावं लागलं, म्हणजे आपलं मन ओळखणारा जिवाभावाचा माणूस. साडेसदतीस तासांत ते दोघं एकमेकांना एकदाही "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं म्हणत नाहीत. म्हणता येतच नाही. मग करणाऱ्यांनी ते प्रेम ठेवलं कुठे? इतरांच्या घरात ठेवलं. बहिणीच्या वाडग्यात, मुळ्याच्या वाफ्यात, एका अनाथ पोराच्या नावात. तीच जागा या लोकांनी कापली आणि म्हणे प्रेमकथा पूर्ण आहे.

तो प्रसंग आठवा. वेई वूश्यान सगळ्या जगाशी वैर घेऊन यीलिंगच्या त्या स्मशानडोंगरावर वेन घराण्याच्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन राहतोय. बहिणीचं लग्न ठरलंय आणि त्याला लग्नाला जाता येणार नाही. म्हणून ती येते. लपूनछपून, लग्नाचा लाल पोशाख घालून, फक्त त्याला दाखवायला. सोबत कमळकाकडी आणि बरगडीचं सूप आणलंय, लहानपणापासून करून घालायची तेच. एक वाडगा वेन निंगलाही देते. वेन निंग मेलेला असूनही हिंडतोफिरतो, पण त्याला खाता येत नाही. तो तो वाडगा दोन्ही हातांत धरून उभा राहतो. त्याला कुणीतरी माणसात धरलं, एवढंच त्याला पुरतं. तिथेच होणाऱ्या भाच्याचं नाव ठेवायचं काम वेई वूश्यानकडे येतं आणि तो नाव काढतो, रूलान. म्हणजे ऑर्किडच्या फुलासारखा. पण कानाला ते 'लानसारखा' असंही ऐकू येतं. लान कोणाचं आडनाव आहे? सांगा ना, कोणाचं आहे?

बहिणीच्या पहिल्या लेकराला त्याने हे नाव दिलं. ज्या माणसाशी तेव्हा त्याचं धड बोलणंसुद्धा होत नव्हतं, त्याच्या आडनावाचा नाद त्या नावात ठेवला. ही आहे प्रेमकथा. आता हा प्रसंग एकटा ठेवला काय किंवा काढला काय, सारखंच. ज्याला यानली कोण ते माहीत नाही, तिच्या घरात हा पोरका मुलगा कसा वाढला ते माहीत नाही, त्याला हे फक्त एका बाईने सूप आणल्याचं दिसणार. भावजयीला मी विचारलं, रूलान आठवतं का? म्हणाली, "कोण ती?"

कोण ती! तो पुढे जिन लिंग होतो, ज्याच्या डोळ्यांत वेई वूश्यान या मामाबद्दल द्वेष आहे आणि ज्याला माहीतच नाही की आपलं नाव त्यानेच ठेवलंय.

आणि आ-युआन, वेन घराण्यातलं ते अनाथ पोर. मुळ्याच्या वाफ्यात त्या चिमुरड्याला कमरेएवढा पुरून वेई वूश्यान त्याला सांगतो, असा वाढशील लवकर. बाजारात तेच पोर लान वांगजीच्या पायाला मिठी मारतं. तोच पुढे लान सीचुई. लान वांगजीने त्याला वाढवलं आणि त्याच्या नावात आठवण आणि ओढ दोन्ही ठेवली. तोंडाने चार शब्दांच्या वर न बोलणारा माणूस सोळा वर्षं घरात एका मुलाला हाक मारतोय आणि प्रत्येक हाकेत आठवण काढतोय. ही हाक आतड्यापर्यंत पोचायला मुळा लागतो. वेन निंगची बहीण वेन छिंग मुळाच लाव म्हणून बजावतेय आणि त्याला बटाटे हवेत, हे त्यांचं रोजचं भांडण लागतं. संपादनाच्या टेबलावर बसलेल्याला ते भांडण बिनकामाचं वाटलं असणार. त्याने कधी घरी मुळा-बटाट्यावरून भांडण ऐकलं नसेल का? घर म्हणजे दुसरं काय असतं?

आता मालिकेतलं यी शहर. आंधळा श्याओ शिंगछन, त्याला फसवून त्याच्याच छपराखाली राहणारा श्वे यांग, आणि आंधळेपणाचं सोंग घेणारी ती आ-छिंग. श्वे यांग लहानपणी गोड खायच्या आशेने फसवला गेला आणि करंगळी गमावून बसला. हे ऐकून श्याओ शिंगछन त्याला रोज एक गोळी देतो. कोणाला देतोय हे माहीत नसताना देतो. शेवटी श्वे यांगच्या तळहातावर ती जुनी, काळी पडलेली गोळी दिसते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोबाईल पालथा ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. आणि हे सगळं वेई वूश्यान आणि लान वांगजीचंच आरशातलं रूप आहे! वेई वूश्यान ते पाहतो तेव्हा त्याला दिसतं की आपलंही असंच होऊ शकलं असतं, सत्य वेळेत कळलं नसतं तर. भावजय म्हणाली, "शहर आठवत नाही ताई, एक धुकं होतं कुठेतरी."

एक धुकं होतं कुठेतरी.

मला हे नवीन नाही, म्हणून जास्त संताप होतो. चेन ह्वानच्या राजवाड्याच्या मालिकेचं काय झालं होतं? शहात्तर भाग. अमेरिकेतल्या लोकांसाठी 2015 मध्ये त्याचे दीड-दीड तासाचे सहा भाग केले. सहा! जिथे एका बाईला नुसतं नजर खाली ठेवायला शिकायला दहा भाग लागतात, तिथे सहा भागांत ती थेट राजमाता. यांग मी आणि मार्क चाओची ती पीचच्या फुलांची तीन जन्मांची गोष्ट, अठ्ठावन्न भाग, 2017 ची. त्याच वर्षी त्याच कादंबरीवर लिउ यिफेई आणि यांग यांगचा सिनेमा आला, दोनेक तासांचा. तीन जन्म दोन तासांत! मैत्रीण तो बघून म्हणाली, फुलं छान होती.

2020 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने मालिका चाळीस भागांच्या आत ठेवा, जमल्यास तिसाच्या आत, असं सांगितलं. त्यामागचं कारण मला कळतं. पाणी घालून वाढवलेल्या मालिका मी पण सोसल्यात, आपल्या संध्याकाळी सातच्या मालिकांत एक चमचा खाली पडला तर तीन जणींचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात. 'द अनटेम्ड'मध्येही कापण्यासारखं आहे. ते गुहेतलं कासव कापा. ते काळ्या धुराचे लोट कापा. सगळी घराणी एका दालनात बसून आरडाओरडा करतात त्यातल्या दोन सभा कापा, मी चकार शब्द काढणार नाही. पण कापताना हात बरोबर वाडग्यावर आणि मुळ्यावर जातो यांचा! पोळी टाकून नुसतं पुरण चमच्याने भरवायचं आणि म्हणायचं, घ्या, पुरणपोळी.

आणि त्या ॲपची ती दुसरी खोड. भाग संपला, शेवटचं गाणं सुरू झालं, नायकांची कामं करणाऱ्या शाओ चान आणि वांग यिबो दोघांनी स्वतः गायलेलं, लिन हायची चाल, आणि पाच सेकंदांत स्क्रीन लहान होऊन पुढचा भाग सुरू. अरे ऐकू दे ना! आत्ता कुणीतरी मेलंय, जरा बसू दे! मी दर वेळी धावत जाऊन ते थांबवते. दीडपट वेगाने बघणारे वेगळेच. लान वांगजी दीडपट वेगाने बघायचा? तो माणूस बोलायच्या आधी जो थांबतो त्या थांबण्यात सगळं आहे आणि तुम्ही ते थांबणंच पळवता. ऑफिसात एकजण आहे, जेवणाच्या सुट्टीत 'पूरी कहानी एक घंटे में' बघतो आणि मला शेवट सांगतो. मला! मी पाच वेळा पाहिलेल्या मालिकेचा शेवट, तोही चुकीचा.

घाई कोणाला आहे, हेच मला कळत नाही. लान वांगजी सोळा वर्षं थांबला. ज्याची वाट पाहायची त्याच्यासाठी छिन या तारवाद्यावर सूर वाजवत राहिला आणि उत्तर आलं नाही तरी राहिला. ती सोळा वर्षं मालिकेत फारशी दाखवलेलीच नाहीत, ती आपण भोगायची असतात, आणि ती भोगता येतात कारण आधी तीस-बत्तीस भाग आपण त्या माणसांच्यात राहिलेलो असतो. कड्यावरून हात सुटतो तेव्हा फक्त एक नायक पडत नाही. त्याच्यासोबत कमळांचा तो घाट, बहिणीचं सूप, यानलीचा भाऊ ज्यांग छंगचं भाऊपण, डोंगरावरची ती म्हातारी माणसं, सगळं खाली जातं. ज्यांग छंगला शेवटी वेन निंग सांगतो की तुझ्या आतलं तेज वेई वूश्यानचं आहे, त्याने स्वतःचं काढून तुला दिलंय. तेव्हा वेई वूश्यानची तलवार, जी एरवी फक्त त्यालाच उपसता यायची, ती दिसेल त्याच्या पुढ्यात धरत तो जो वेड्यासारखा धावत सुटतो, उपसून बघा, उपसून बघा म्हणत, ते बघताना माझ्या घशात आजही आवंढा येतो. आणि ज्याने मधले भाऊ पाहिलेच नाहीत त्याला वाटणार, हा जांभळ्या कपड्यांतला माणूस एवढा का ओरडतोय.

हे सगळं मी रविवारी मेथीच्या ढिगापुढे बसून बोलले, जवळजवळ याच शब्दांत. आई आतून दोनदा बघून गेली. भावजय गप्प ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, ते वाडगा धरून उभं राहिलेलं मला परत सांगा." मी सांगितलं. तिने डोळे पुसले. न पाहिलेल्या प्रसंगाला तिला रडू आलं, आणि पाहिलेल्या वीस भागांत एकदाही आलं नव्हतं.

काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. पन्नासवाली सापडली, पहिला भाग लावलाय, हा जिवंत होऊन दुसऱ्याच्या अंगात कसा आला? मी लिहिलं, पहिले दोन भाग काही कळणार नाहीत, नावं गोंधळतील, रेटून ने, तिसऱ्यापासून लागेल. गाणं पूर्ण ऐक. आणि तेहतिसावा भाग एकटीने बघू नकोस, मला सांग, मी येते.