‘संस्कार असले की बंदुकीचे भय नाही’: एका दाव्याचा प्रतिवाद

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांनी जेरीस आणलेल्या विदर्भातील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो: स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका आहेत, तरी तेथे खून होत नाहीत; अमेरिकेत होतात ते संस्कारांअभावी; आपल्या गावांत संस्कार शाबूत आहेत, तेव्हा प्रत्येक सातबाराधारकाला सरसकट परवाना द्यावा. पिकांच्या नासाडीचा संताप रास्त आहे, त्यावर रचलेला युक्तिवाद मात्र टिकत नाही.

स्वित्झर्लंडची कथा अर्धीच सांगितली जाते. २०१७ च्या अंदाजानुसार तेथे शंभर माणसांमागे सुमारे २८ बंदुका होत्या, तर अमेरिकेत १२०. सैनिकांना घरी ठेवायला दिलेली काडतुसे सरकारने २००७ च्या निर्णयानंतर परत घेतली. २००१ मध्ये झुगच्या प्रांतिक विधिमंडळात एका माणसाने १४ जणांना गोळ्या घालून मारले होते, आणि २०१९ च्या सार्वमतात तेथील मतदारांनीच बंदुकीचा कायदा कडक करण्याच्या बाजूने कौल दिला.

अमेरिकेचे म्हणाल, तर तेथील चोऱ्या-मारामाऱ्या इतर श्रीमंत देशांच्या मानाने फार अधिक नाहीत. अधिक आहेत ते मृत्यू. १९६० च्या दशकातील शिकागोच्या पोलीस नोंदी तपासल्या तेव्हा बंदुकीचा हल्ला चाकूच्या हल्ल्यापेक्षा सुमारे पाचपट प्राणघातक ठरल्याचे दिसले.

राहिले आपले संस्कार. माणूस कशावरून चिडतो आणि मध्ये पडणारे चार लोक गावात आहेत की नाहीत, हे समाजच ठरवतो, एवढे मान्य केलेच पाहिजे. पण २०२२ मध्ये देशात नोंदवलेल्या २८,५२२ खुनांपैकी जवळपास दहा हजार खून वादावादीतून झाले, आणि धुरा म्हणजे शेताचा बांध, पांदण रस्ता किंवा पोळ्याचा मान यांवरून आपल्याकडे काय होते हे कोणाला ठाऊक नाही? काठीने झालेल्या भांडणातला जखमी बहुधा तालुक्याच्या दवाखान्यातून घरी परततो, छातीत गोळी लागलेल्याला ती संधी क्वचितच मिळते.

हाताशी काय आहे याने फरक पडतो, हे तर फवारणीच्या औषधांनी होरपळलेल्या विदर्भाला वेगळे सांगावे लागू नये. श्रीलंकेने १९९५ पासून मोनोक्रोटोफॉससारखी अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. संस्कृती तीच होती. घरातली बंदूकही शेजाऱ्याआधी घरच्याच माणसाच्या हाती लागते, आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत खुनांपेक्षा आत्महत्याच अधिक असतात.

शेवटी मागणीविषयी. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहेच, फक्त त्याआधी पोलिसांकडून अर्जदाराची चौकशी होते. ‘सरसकट’ या शब्दाने वगळली जाते ती ही चौकशी. डुकरे येतात रात्री, आणि त्याच वेळी शेजारच्या वावरात कोणीतरी जागलीला बसलेला असतो.