शरद जोशींच्या विचाराला आपल्यासारख्यांनी मत द्यावं का?

आमचं घर माळकरी. आषाढीला वडील पायी वारीला जायचे, आणि घरातली मतं वर्षानुवर्षं कमळाला. परवा मामा आले होते, तेव्हा विषय निघाला: शेतकरी संघटना उभी करणारे, शेतमालाला खुला बाजार मागणारे शरद जोशी, त्यांचा विचार मानणारा कुणी उद्या आपल्याकडे निवडणुकीला उभा राहिला, तर मत द्यायचं का? मामा म्हणाले, "ती माणसं आपली नाहीत. गोवंश हत्याबंदीलाही त्यांचा विरोध." मामांपुढे मी बोललो नाही, पण मनातून ते जाईना. म्हणून इथे लिहितोय.

मामांचं म्हणणं खोटं नाही. धर्माच्या नावानं चालणाऱ्या राजकारणावर जोशी साहेब कडक बोलायचे. २००४ साली भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले, तरी कुणाचे मिंधे झाले नाहीत. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं. भाजप बाजूनं होता. विरोधातलं ते एक मत जोशींचं. दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ फिरवायची पद्धत त्यांना मान्य नव्हती.

आणि याच माणसानं १९८६ ला चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं होतं. माझी आई भाकरी बांधून गेली होती. पुढे त्यांची लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याची, हाक आली, तेव्हा वडिलांनी विहिरीजवळची दोन एकर तिच्या नावावर केली. कुठल्याही कायद्यानं सांगितलं नव्हतं. घरची लक्ष्मी म्हणायचं आणि सातबाऱ्यावर नाव नाही, हे वडिलांच्या मनाला लागलं, एवढंच. संस्कार संस्कार म्हणतो आपण, ते यापेक्षा वेगळं काय असतं?

आता बैलाचं. गाय आधीपासूनच हत्याबंदीच्या कायद्यात होती, २०१५ ला बैलही आला. आमचा ढवळ्या म्हातारा झाला, आम्ही शेवटपर्यंत सांभाळला, बांधावर पुरला. मी आजही तेच करीन. पण त्या उन्हाळ्यात एका पहाटे आमच्या मक्यात एक बैल उभा दिसला. हाडं वर आलेली, गळ्यात कापलेलं दावं लोंबतंय. कुणाचा ते गावाला ठाऊक होतं, पण नाव कुणी घेतलं नाही. त्या माणसाकडे ना चारा होता, ना विकायची सोय. माझी श्रद्धा मी माझ्या गोठ्यात पाळतो. तिचा खर्च त्याच्या डोक्यावर टाकायचा मला काय अधिकार?

कांद्याची गोष्ट तर ताजी आहे. डिसेंबर २०२३, लाल कांदा ऐन काढणीला, आणि निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये उठवली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. करणारं सरकार आम्हीच निवडून दिलेलं. चाकणला १९८० साली जोशींनी रस्ता अडवला तो याच कांद्यासाठी. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणाऱ्याला आपण परका कसं म्हणायचं?

सगळंच बाजारावर सोडावं, हे मला पटत नाही. दुष्काळात चारा छावणी सरकारनंच उघडली पाहिजे. तिथे माझा त्या मंडळींशी वाद आहे आणि राहील. पण वारी, बैलपोळा, गावची जत्रा हे सगळं ज्याच्या जिवावर उभं आहे, त्याच्याच मालाचा भाव पाडणाऱ्याला फक्त आपल्या धर्माचं बोलतो म्हणून मत देत राहणं आता माझ्यानं होणार नाही. जोशींच्या विचाराचा माणूस चोख असेल तर मी त्यालाच मत देईन.

मामा, तुम्ही हे वाचाल. रविवारी या. आईचा सातबारा काढून ठेवतो.