आवाज करणाऱ्या टिप्परला जाड तेल हे औषध नाही

ट्रकवाल्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय: "जुनं इंजिन आवाज करतंय? 15डब्ल्यू-40 काढा, 20डब्ल्यू-50 टाका. गोव्याच्या उकाड्यात पातळ तेल टिकत नाही. जाड तेलाने प्रेशर वाढतं आणि आवाज जातो."

आधी उकाड्याचं बघू. 15डब्ल्यू-40 हा तेलाच्या जाडीचा ग्रेड, त्यातला पहिला आकडा थंडीतला. 15डब्ल्यू तेल उणे 20 अंशांवर तपासतात. डिचोलीत त्याचं काय? गरम इंजिनात कामाला येतो तो दुसरा आकडा, आणि तो 100 अंशांवर मोजतात: 40चं तेल 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (हे जाडीचं माप), 50चं त्यापुढे. बाहेर 25 अंश असोत की 35, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर धड असतील तर आतल्या तेलाला फारसा फरक पडत नाही.

प्रेशरचा काटा वर जातो, हे खरं. पण तेल वाहायला किती अडतंय तेही त्या काट्यात येतं. सकाळच्या पहिल्या सेल्फला जाड तेल वर रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपर्यंत, उशिरा पोचतं आणि तिथले टॅपेट तेवढा वेळ कोरडे वाजतात.

आवाज जातो, हा दावा सगळ्यात घातक. गेल्या वर्षी माझ्याकडे खडीचा एक टिप्पर आला. जाड तेल घातल्यावर दहा-बारा दिवस गप्प होता, मग चोर्ला घाट चढताना पुन्हा ठोके. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवला. बेअरिंगचा राखाडी थर झिजून खालचं तांबं उघडं पडलेलं, बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकवर नखाला लागतील अशा रेघा. पहिल्या ठोक्यालाच आणला असता तर बहुधा बेअरिंग बदलून भागलं असतं. त्या दहा-बारा दिवसांनी मालकाच्या माथी क्रँक ग्राइंडिंग मारलं. फार वाईट वाटलं.

कधी तेल पातळ होतं ते डिझेल मिसळल्याने. न भरता डीपस्टिकवर लेव्हल चढली, तेलाला डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर आणि पंप तपासा. नवं जाड तेलही तसंच पातळ होईल.

बीएस-6 गाडीत तर पुस्तकाबाहेरचं तेल नकोच. जास्त राखेच्या तेलाने धुराड्यातला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. जुन्या गाडीच्या पुस्तकातच 20डब्ल्यू-50 लिहिलं असेल, तर खुशाल घाला.

नाहीतर आधी आवाज कुठून येतो ते शोधा: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावा, मूठ कानाला. वरून हलकी टकटक येत असेल तर फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) घेऊन टॅपेटची फट लावा. खालून जड ठोका येत असेल आणि लोडवर वाढत असेल, तर तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी ओढून आणा.