सातमाशी मूल आणि ‘नक्की’ हा शब्द

आमच्या साताऱ्यातल्या आयांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सातमाशी मूल वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नसेल, नावाला वळत नसेल तर ऑटिझम नक्की. बाळाला ठेवतात त्या काचेच्या पेटीतल्या मशिनींनी होतो. मेंदूच्या सोनोग्राफीत दिसतो.’ कोरेगावच्या नणंदेची लेक २९ आठवड्यांची जन्मली. मेसेज वाचून रात्री अकराला तिचा फोन, “वहिनी, आता काय?”

‘वर्षाचं झालं’ हा हिशेबच चुकलाय. ही पोर ११ आठवडे आधी आली, म्हणजे पहिल्या वाढदिवसाला तिचं करेक्टेड वय, म्हणजे दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजलेलं वय, जेमतेम साडेनऊ महिने. बोट दाखवणं मुलांना साधारण नऊ ते चौदा महिन्यांत जमतं. केक कापला म्हणून ते अडीच महिने भरून निघत नाहीत. डॉक्टर दोन वर्षांपर्यंत हेच वय धरतात.

‘नक्की’वर माझा खरा राग आहे. अमेरिकेतल्या एल्गन अभ्यासात २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांना दोन वर्षांच्या सुमारास ऑटिझमची शंका चाळून बघणारी एम-चॅट ही प्रश्नावली लावली, तेव्हा सुमारे २१ टक्के मुलं ‘संशयित’ निघाली. त्यांत चालायला, बघायला, ऐकायला अडचण असलेली बरीच होती. दहाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं ते सुमारे ७ टक्क्यांना. तरी ७ टक्के म्हणजे इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा ‘काही होत नाही, याचा बापही उशिराच बोलला’ म्हणणाऱ्या आजीबाईंचंही मी ऐकणार नाही. दीड वर्षाला प्रश्नावलीत पास झालेल्या एखाद्या मुलाची लक्षणंही पुढे दिसू शकतात. आणि नावाला न वळणाऱ्या मुलाचे आधी कान तपासायचे, नजर न देणाऱ्याचे डोळे. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, हे मेसेजवाल्याला ठाऊकच नसावं.

पेटीनं ऑटिझम होतो म्हणे! पेटी नसती तर ही पोर हाती लागली नसती.

सोनोग्राफीत मेंदूतला रक्तस्राव दिसतो, ऑटिझम नाही. तो मुलाच्या वागण्यावरूनच ओळखतात.

मेसेजमध्ये नाही ते एवढंच, की स्पीच थेरपी किंवा खेळातून शिकवणं सुरू करायला निदानाच्या शिक्क्याची वाट बघावी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी फुकट होते. नणंदेच्या लेकीचे डोळे तपासून झालेत. कानांची बेरा टेस्ट सोमवारी आहे.