निनावी प्रतिक्रियेला उत्तर : पॅड चढवले नाहीत, धुतले मात्र आहेत

अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्स या टीमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) केलेब विल्यम्स याच्या दुसऱ्या हंगामावर, २०२५ चा तो हंगाम सुरू व्हायच्या आधी, मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर परवा रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. नाव दिलेलं नाही, म्हणून 'निनावी' म्हणतो. प्रतिक्रिया उडवलेली नाही, आहे तशी खाली आहे. पण सगळे तिथपर्यंत उतरत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो.

माझं म्हणणं होतं की शिकागो बेअर्सच्या या पोराचे २०२५ मध्ये पासने मिळवलेले यार्ड मोजू नका, विजयही मोजू नका, सॅक मोजा, म्हणजे पास टाकण्याआधीच तो किती वेळा पाडला गेला ते. पहिल्या वर्षी तो ६८ वेळा चेंडूसकट आडवा झाला. हा आकडा निम्म्यावर आला तरी हंगाम पावला असं मी समजेन. निनावी म्हणतात, त्या ६८ मधले अर्धे त्याने स्वतःच ओढवून घेतले, कारण चेंडू हातात धरून बसायची त्याला खोड आहे. पुढे म्हणतात, महोम्स आणि लामार जॅक्सन हे क्वार्टरबॅक दुसऱ्याच वर्षी एमव्हीपी (हंगामातले सर्वोत्तम खेळाडू) झाले, मग यालाच सवलत का? शिवाय बेअर्सचा जुना क्वार्टरबॅक एरिक क्रेमर याचं साल मी चुकवलं. आणि शेवटी हे वाक्य : 'अंगावर कधी पॅड न चढवलेल्या काकांनी सोफ्यावर बसून पोराचे लाड करू नयेत.'

आधी चूक कबूल करतो. क्रेमरचे ३,८३८ यार्ड १९९५ चे, मी १९९६ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. बेअर्सच्या एकाही क्वार्टरबॅकने आजवर एका हंगामात ४,००० यार्ड गाठलेले नाहीत, हे मूळ विधान मात्र तसंच उभं आहे. साल बदललं म्हणून ते बदलत नाही.

आता सोफा.

निनावी, मला काका म्हणायचा हक्क माझ्या पुतण्यांना आहे, आणि तेही जरा घाबरून म्हणतात. आपली ओळख नाही, पाळख नाही. मी ब्लॉगवर कोणाला 'अरे-तुरे' करत नाही, कोणाच्या वयावर जात नाही, आणि बारा वर्षं इथे लिहितोय. मतभेदाला ना नाही. पण 'लाड' हा शब्द कुठून काढलात? मूळ लेखात मी त्याचे ३,५४१ यार्ड, २० टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), ६ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने झेललेले पास) हे सगळं दिलं होतं, आणि ५६२ पैकी ३५१ म्हणजे ६२.५ टक्केच पास पोचले हेही दिलं होतं. लाड करणारा माणूस हा शेवटचा आकडा लपवतो.

पॅड मी चढवले नाहीत, खरं आहे. सांगलीत माझ्या लहानपणी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, तोही पावसाळ्यात. पण पॅड मी धुतले आहेत. तीन वर्षं. माझा मुलगा शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात हायस्कूलच्या टीममध्ये लेफ्ट गार्ड होता. सप्टेंबरच्या उन्हात दोन तास सराव करून आलेल्या पोराचे खांद्याचे पॅड गाडीच्या डिकीत रात्रभर राहिले तर सकाळी काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्याकडे रविवारी बाथटबमध्ये व्हिनेगरचं पाणी करून ते बुडवायचे, पट्ट्यांची बक्कलं जुन्या टूथब्रशने घासायची, मग गॅरेजमध्ये पंख्यापुढे उलटे टांगायचे. बायकोने पहिल्याच आठवड्यात हात वर केले होते, 'हे तुमच्या दोघांचं खूळ, तुमचं तुम्ही बघा.' वजन वाढवायला मात्र तीच रोज थालीपिठावर चार अंडी द्यायची. सांगलीहून आईचा फोन आला की एकच प्रश्न, पोराला मार खायला का पाठवता?

गार्ड म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जण उभे असतात, तीच लाइन : मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. त्यांनी समोरच्या धटिंगणांना अडीच-तीन सेकंद थोपवायचं, बस. थोपवलं तर कोणी बघत नाही, नाही थोपवलं तर सगळं मैदान बघतं. तीन वर्षांत लाउडस्पीकरवर आमचं आडनाव दोनदा आलं. दोन्ही वेळा होल्डिंगची (समोरच्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी, आणि दोन्ही वेळा उच्चार चुकीचा.

हे घरचं पुराण एवढ्यासाठी की माझा कल कुठे असायला हवा ते कळावं. लाइनमध्ये खेळलेल्या पोराचा बाप सॅकचं खापर लाइनवर फोडायला सहज तयार होत नाही. तरी मी फोडतोय, कारण मी बघितलंय. १० नोव्हेंबर २०२४, बेअर्सचं मैदान सोल्जर फील्ड, न्यू इंग्लंडविरुद्ध. सोफ्यावरून नाही हो, वरच्या मजल्यावरच्या खुर्चीतून, स्वतःच्या पैशाने. बेअर्स १९-३ हरले आणि विल्यम्स नऊ वेळा सॅक झाला. दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते. मुलगा शेजारी बसून प्रत्येक वेळी बोटांवर सेकंद मोजत होता. त्यातल्या काही वेळा चेंडू आधी सुटायला हवा होता, हे मी नाकारत नाही, तो मोठ्याने तसं म्हणालाही. पण सहाव्या सॅकनंतर तो मोजायचा थांबला, आणि आमच्या पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून तोंडावर धरून बसले. दोन दिवसांनी ऑफेन्सचे (चढाईचे) कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन यांना काढलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये २३-२० अशी हार झाली, शेवटी हातात टाइमआउट असून घेतला नाही, आणि दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लूसही गेले. हंगाम चालू असताना हेड कोचला काढायची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिली वेळ. ओळीने दहा सामने हरलेली टीम आणि अर्ध्या वर्षात बदललेली माणसं, यातून त्या पोराने काय शिकायचं होतं ते मला सांगा. आणि याच धांदलीत त्याने ओळीने ३५३ पास इंटरसेप्शनशिवाय टाकले, नवख्यांमध्ये तो विक्रम आहे. हा आकडा तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसला नाही.

महोम्सचं म्हणाल तर पहिलं अख्खं वर्ष तो अॅलेक्स स्मिथच्या मागे राखीव म्हणून बसून होता, खेळला एक सामना. लामारपुढे मार्शल यांडासारखा गार्ड होता. तुलना करायची तर सी. जे. स्ट्राउडशी करा. ह्यूस्टनकडून पहिल्या वर्षी २३ टचडाउन, ५ इंटरसेप्शन. दुसऱ्या वर्षी २० आणि १२. पोरगा तोच, हात तोच. सॅक ३८ चे ५२ झाले. पाठोपाठ रिसीव्हरही (पास झेलणारे) जायबंदी झाले, हे मान्य. पण मला भीती आहे ती डेव्हिड कार या जुन्या क्वार्टरबॅकसारखं होण्याची. तोही विल्यम्ससारखाच नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडलेला, २००२ साली ७६ वेळा सॅक झाला, आणि २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. मधल्या वर्षांत त्याच्यावर जे लिहिलं जायचं ते तुमच्या प्रतिक्रियेसारखंच असायचं. उरलेल्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही.

आणि या वेळी, २०२५ साठी, लाइन बदलली आहे, म्हणून तर सॅक मोजा म्हणतो. कॅन्सस सिटीहून गार्ड 'जो थूनी' आलाय, त्याच्याकडे सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) जिंकल्याच्या चार अंगठ्या आहेत. अटलांटाहून सेंटर ड्रू डॉलमन, रॅम्स टीमकडून गार्ड जोना जॅक्सन. मधले तिन्ही नवे. त्यांच्यावर नवे हेड कोच बेन जॉन्सन, ज्यांनी डेट्रॉइटचं ऑफेन्स चालवलं. त्यांनी विल्यम्सपुढे ७० टक्के पास पोचवायचं लक्ष्य ठेवलंय. मला ते जरा जास्तच वाटतं. ६२.५ वरून ६५-६६ आला तरी मी पेढे वाटीन. पण ७० टक्के हवे असतील तर चेंडू लवकर सुटायला हवा, आणि लवकर सुटला तर सॅक आपोआप कमी होतील. म्हणजे फिरून मी तिथेच आलो. (हो, यात चेंडू धरून ठेवण्याचा तुमचा मुद्दाही कुठेतरी येतो. पण तो सरळ शब्दांत लिहिला असतात तर मी सरळ उत्तर दिलं असतं.)

८ सप्टेंबर २०२५ ला, सोमवारी रात्री, मिनेसोटाविरुद्ध पहिला सामना आहे. मी बघणार आहे, सोफ्यावरून. नावानिशी प्रतिक्रिया टाकलीत तर मोजलेले सेकंद कळवीन.

ता. क. : वरचं उत्तर मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'बाबा, त्या नऊपैकी निदान चार विल्यम्सचेच होते, तेव्हाही मी सांगितलं होतं.' त्यानेच छापायला सांगितलं म्हणून छापतो. चार मला जास्त वाटतात.